गुडघ्याच्या ऑपरेशननंतर परसबाग: वाफा किती उंच बांधू?

परसातली काकू
नमस्कार मंडळी. वय ६७, मुक्काम चिपळूणजवळ. गेल्या मार्गशीर्षात उजवा गुडघा बदलला. चालणं ठीक आहे, पण उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. झालं! माठ, मुळा, मेथी सगळं मी उकिडवं बसूनच केलं आजवर. या पावसात परसात नुसता टाकळा माजला. त्याची भाजी तरी किती दिवस खाणार?

परवा तुळशीला पाणी घालताना लक्षात आलं, इथं मला वाकावं लागत नाही. मग वृंदावनासारखाच लांबट वाफा का बांधू नये? गवंड्याला बोलावलं. तो म्हणतो, कंपाउंडच्या भिंतीला लागून ८ फूट लांब, ४ फूट रुंद, ३ फूट उंच चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) बांधतो, ब्रासभर, म्हणजे शंभरेक घनफूट, माती लागेल. मुलगा पुण्याहून सांगतो, आई, गच्चीवर कर, तिथं ऊन चांगलं. जिने चढणारा गुडघा कोणाचा, त्याचा की माझा?

उंची ३ फूट बरोबर आहे का? आणि एवढी सगळी मातीच भरायची?

तांबडी माती
काकू, गवंड्याला थांबवा. भिंतीला लागून ४ फूट रुंद म्हणजे पलीकडच्या दोन फुटांत तुमचा हात पोचणारच नाही, पोटावर रेलावं लागेल. एकाच बाजूने काम करायचं तर २ फूट पुरे. चारही बाजूंनी फिरता येणार असेल तरच ४.

दुसरं कोणी सांगत नाही ते सांगतो. चिरा साधारण १४ बाय ९ बाय ७ इंचांचा. आडवा लावलात तर भिंत ९ इंच जाड, म्हणजे माती सुरू व्हायच्या आधीच पाऊण फूट हात खर्च झाला. उभा लावून घ्या, ७ इंचांत भागतं. आमच्याकडे वडिलांनी आडवा लावला होता, त्या वाफ्याच्या मधोमध कायम गवत असायचं. हात पोचायचा नाही तिथं निंदणी कोण करणार!

माती फक्त वरच्या फूटभर. खाली नारळाची सोडणं, पातेरा, जाड फांद्या, मध्ये मध्ये शेण. पहिल्या पावसाळ्यानंतर हे चांगलंच खचतं, तेव्हा वरून भर घालायची माती शिल्लक ठेवा. फांद्या म्हटल्या की वाळवी आलीच, म्हणून घराच्या भिंतीपासून लांब. तळाला बारीक जाळी टाका, नाहीतर घुशी आतून पोखरतात. आणि खालच्या थरात दर दीड-दोन फुटांवर पाईपचे तुकडे बसवायला सांगा. आपल्याकडच्या पावसात पाण्याला वाट नसली की भिंत फुगते.

गच्चीवाला, पुणे
मुलाला माझ्यातर्फे हिशोब सांगा. वापरातली गच्ची साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो वाढीव भार धरून काढतात, म्हणजे चौरस फुटाला १४ किलो. ओली माती घनफुटाला ४५-५० किलो भरते. ३ फूट मातीचा वाफा म्हणजे चौरस फुटाला १३५ ते १५० किलो. दहापट! मी गच्चीवर लोखंडी अँगलचं टेबल केलंय, ट्रेमध्ये ८ इंच कोकोपीट आणि कंपोस्ट, पाय बीमवर, तेही इंजिनिअरला दाखवून. मेथी, पालक, कोथिंबीर झकास. मे महिन्यात मात्र दोन वेळा पाणी, उंचावरची माती फार लवकर सुकते.

चाकांवरची बाग
मी व्हीलचेअरवरून बाग करते. बांधीव वाफ्याशी बसून काम करायचं तर कंबर सतत आडवी वळवावी लागते, कारण गुडघे आत जात नाहीत. माझ्या वाफ्याखाली २७ इंच जागा मोकळी आहे. काकू उभ्याने काम करणार असतील तर हे नको, पण गवंड्याला एक सांगा: तळाशी पायाची बोटं आत जातील एवढी खाच ठेव. नाहीतर पाय लांब राहतात आणि माणूस पुन्हा वाकतोच.

आणि उंची कोपरावरून घ्या. उभं राहून कोपर दुमडायचं, त्याच्या खाली एक वीत. रोप वर वाढणार हे विसरू नका. मी पहिल्या वर्षी भेंडी लावली आणि तोडायला शेजारणीला बोलवावं लागलं.

परसातली काकू
सगळ्यांचे आभार. काल मोरीपाशी पडलेले चिरे सुकेच एकावर एक रचले आणि खुरपं घेऊन उभी राहिले. ३ फुटांवर खांदे वर गेले. आमचा ओटा ३३ इंचांचा, तिथंही पोळ्या लाटताना माझा खांदा भरून येतो. मी पाच फुटांची, मला २८ इंचच बरे वाटले. तीन थर उभ्या चिऱ्याचे आणि मधला गिलावा, बरोबर तेवढं होतं.

८ बाय २ आतून, भिंतीपासून सुटं. दोन टोकांना एकेक चिरा आडवा लावून वर कडाप्पा बसवणार आहे, टेकायला आणि चहाचा कप ठेवायला. माती १६ घनफूट. ब्रासभर म्हणणाऱ्या गवंड्याचं तोंड बघण्यासारखं झालं. खाच ठेवायचं सांगितल्यावर म्हणाला, "काकी, ह्यो वाफा की सैपाकाचा ओटा?"

पडवळ मात्र खालीच, मांडवावर. ते उभ्यानेच तोडायचं असतं.