क्रॅकलिंग नेमकं कशाला म्हणायचं?

मूळ धागा
डुकराच्या कातडीचं काहीही कुरकुरीत दिसलं की आपल्याकडे लिहिणारे सरसकट ‘क्रॅकलिंग’ म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. इंग्लंडमध्ये हा शब्द रविवारच्या रोस्टचा, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या मांसाचा. कातडीसकट मोठा तुकडा घ्यायचा, कातडी पुसून कोरडी करायची, धारदार सुरीने चिरा द्यायच्या. चिरा चरबीपर्यंतच जाव्यात, खालच्या मांसाला सुरी लागू नये. मग मीठ चोळून ओव्हनमध्ये. आधी २२०-२४० अंश, नंतर आच कमी. कातडीवर फोड येतात, सुरीने ठोकलं की टकटक वाजते. ती क्रॅकलिंग. पबमध्ये बिअरबरोबर पिशवीतून कातडीचे तळलेले तुकडे मिळतात ती स्क्रॅचिंग्ज, बर्मिंगहॅमजवळच्या ब्लॅक कंट्रीची खासियत. दोन्हींना एकच नाव कशाला?

प्रतिसाद १
असहमत. ब्रिटनमध्येच ‘पोर्क क्रॅकलिंग’ असं छापलेली पाकिटं विकली जातात, त्यांचा रविवारच्या रोस्टशी काही संबंध नाही. आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांचं काय? तिथे चरबी कढवून लार्ड काढतात. तूप कढवल्यावर बेरी उरते, तसे कढईत जे खरपूस तुकडे उरतात त्यांना क्रॅकलिंग्ज म्हणतात आणि मक्याच्या ब्रेडमध्ये घालतात. ते लोक चुकीचं बोलतात का?

धागाकर्ता
मुळीच नाही. तिथल्या ब्रेडबद्दल लिहाल तेव्हा तोच अर्थ घ्या. माझा आक्षेप रोस्टच्या पाककृतीत पाकिटातल्या तळलेल्या कातडीचा फोटो लावण्याला आहे. वाचणारा कढई चढवून बसेल! पाकिटवाल्यांनी रोस्टचं नाव उसनं घेतलंय, इतकंच.

प्रतिसाद २
उसनं कसलं? शब्द असेच पसरतात. स्पॅनिशमधला ‘चिचारॉन’ बघा. मेक्सिकोत म्हणाल तर फुललेली तळलेली कातडी समोर येते. पेरूत त्याच नावाने चरबीदार मांसाचे तळलेले तुकडे येतात, रताळ्याच्या कापांबरोबर, तेही न्याहारीला. फिलिपिन्समध्ये ‘चिचारोन’ हा येताजाता तोंडात टाकायचा खाऊ. यातला खरा कुठला, हे तुम्ही आम्ही कोण ठरवणार?

प्रतिसाद ३
माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने, कारण प्रश्न स्वयंपाकाचा आहे. रोस्टची कातडी वरून कोरड्या उष्णतेने फुटते, खालचं मांस मात्र रसरशीत राहावं लागतं. तळणीत हा पेच येतच नाही. मांस शिजलं आणि कातडी चिवटच राहिली, तर ती अलगद सोडवून एकटीच ओव्हनच्या ग्रिलखाली, म्हणजे वरून येणाऱ्या आचेखाली, ठेवा, पण तिथून हलू नका, करपायला वेळ लागत नाही.