पर्वरी विधानसभेमुळे नव्हे, पुलामुळे

‘2000 साली विधानसभा आली आणि पर्वरी वाढली’ असं पणजीसमोर मांडवी नदीपलीकडच्या पर्वरीबद्दल कोणीतरी लिहिलंय, ते अर्धंच खरं. सुरुवात 1970 च्या मांडवी पुलापासून धरायला हवी. त्याआधी पर्वरीच्या बाजूच्या काठावरल्या बेतीहून फेरीबोट हाच पणजीचा रस्ता, मग पर्वरीच्या पठारावर घर बांधणार कोण? तो पूल 5 जुलै 1986 ला कोसळला आणि पुन्हा फेरीबोटीवर भार आला. नवा पूल 1992 मध्ये सुरू झाला.

लोकसंख्येचे आकडे काढणाऱ्यांनी एक बघा. पर्वरीला नगरपालिकाच नाही. वस्ती सुकूर, पेन्ह द फ्रान्स आणि साल्वादोर द मुंद या पंचायतींत विभागलेली. 2011 च्या जनगणनेत या तिन्हींना वेगवेगळी ‘जनगणना शहरं’ (कारभार पंचायतीचा, पण मोजणीत शहर) धरलंय आणि पर्वरी हे नाव फक्त सुकूरपुढे कंसात आहे. तेवढाच आकडा उचलला की शहर उगाच लहान दिसतं. तिन्हींची बेरीज केली तर उलट चूक होते, कारण त्यात पर्वरी न म्हणवणारे वाडेही येतात. घरपट्टीच्या जुन्या नोंदीही पंचायतवारच शोधाव्या लागतात. उच्च न्यायालय पठारावर असलेल्या गावाला अजून सचिव-सरपंचच पुरतात, हे मात्र गोव्यातच शक्य!