नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज करण्याआधी एफडीवरचं कार्ड वापरू की नको?

मंडळी, मदत हवी आहे. लालबागला छोटं झेरॉक्सचं दुकान होतं, बंद पडलं. पर्सनल लोन आणि दोन कार्डं मिळून ९ लाख थकलेत. वकील म्हणाले, मुंबईत आपल्यासारख्यांना अजून १९०९ चाच नादारी कायदा लागतो, अर्ज हायकोर्टात. (त्यात कर्जाची किमान अट ५०० रुपये! हसू की रडू?)

माझ्याकडे ५० हजारांची एफडी बँकेकडे तारण ठेवून घेतलेलं क्रेडिट कार्ड आहे, लिमिट ४० हजार. किराणा, लाइटबिल त्यावरच भागतंय. अर्जाच्या तोंडावर ते वापरलं आणि फक्त त्याच बँकेचे पैसे फेडत राहिलो, तर बाकीचे सावकार हरकत घेतील का? की एफडी मोडून कार्ड आत्ताच बंद करू? कुणी यातून गेलंय का? वसुलीवाल्यांचा फोन वाजला की घरात सगळे टीव्हीचा आवाज बंद करून बसतात हो.