मदत हवी आहे: पाचशे डी ऐवजी ५५० ची सळई घेतली तर चालेल का? लवकर सांगा

उंबरठा
ड्रॉइंगवर सळईचा ग्रेड (ताकदीची प्रत) एफई ५००डी लिहिलाय. ठेकेदार म्हणतो ५५० जास्त मजबूत असते, तीच घ्या, लोखंडही कमी लागेल. सेंटरिंग (काँक्रीटखालचा साचा) होत आलंय, सळया बांधणारा फिटर उद्या बांधणी धरायची म्हणतोय. शोधायला बसले तर टीएमटी, सीआरएस, इपॉक्सी, टॉर, फायबर असे सळयांचे प्रकारच प्रकार, डोकं फिरायची वेळ आली. ५५० घेऊ की नको? हो किंवा नाही एवढंच सांगा प्लीज.

गुण्या_ओळंबा
कशासाठी? फुटिंग, कॉलम, बीम, स्लॅब? किती मजले? आणि साधी ५५० की ५५०डी? यात फरक आहे. सळईवर ठराविक अंतराने ग्रेड उठवलेला असतो, तो बघून सांगा.

खारावारा
ग्रेड वगैरे नंतर. लोखंड ताकद कमी पडून क्वचितच जातं, गंजून जातं. मी इपॉक्सी कोटिंगच्या (गंजरोधक थर दिलेल्या) सळया वापरल्या, तुम्हीही त्याच घ्या. एकदा घातल्या की चिंता नाही.

रिंगा_आणि_तार
@खारावारा, साईटवर वाकवलेली कोटिंगची सळई जवळून पाहिली आहे का? वाकाच्या बाहेरच्या बाजूला कोटिंगला बारीक चिरा जातात, फिटर सळया ओढत नेतो तेव्हा ओरखडे वेगळेच. तेवढ्याच जागी गंज धरतो आणि आत खोल जातो. शिवाय काँक्रीटची पकड कमी होते, म्हणून लॅप (दोन सळया जोडताना एकमेकींवर ठेवायची लांबी) वाढवावा लागतो. तो कोणी वाढवला होता तुमच्याकडे?

खारावारा
ओरखड्यावर लावायला पॅचिंगचं रसायन मिळतं. नीट काम करून घेतलं तर काही होत नाही.

रिंगा_आणि_तार
नीट काम करून घ्यायचंच असेल तर कव्हर ब्लॉक (सळईभोवती काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, राखणारे ठोकळे) नीट लावा आणि व्हायब्रेटर नीट मारा. कव्हर पुरेसं आणि काँक्रीट घट्ट असेल तर कोटिंग नसलेल्या साध्या टीएमटी सळईलाही गंज सहजी धरत नाही.

उंबरठा
अहो, गंजाचं मी विचारलंच नाहीये! समुद्र जवळपास कुठेही नाही. दुमजली घर आहे. ५५० की ५००डी, एवढंच.

वजनकाटा
ताई, ग्रेड कोणताही घ्या, पण वजन करून घ्या. मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. १२ मिमीला ०.८८९ येतं, म्हणजे १२ मीटरची अख्खी सळई साधारण १०.६६ किलो भरली पाहिजे. लॉटमागे १० मिमीपर्यंत ७ टक्के, त्यावर १६ मिमीपर्यंत ५ टक्के आणि पुढे ३ टक्के फरक चालतो. त्याहून कमी भरलं तर परत पाठवा.

गुण्या_ओळंबा
उपयोगाचं आहे, पण त्यांनी ते विचारलेलं नाही. @उंबरठा, 'डी' चं उत्तर अजून आलं नाही.

सहाय्यक_अभियंता
डी म्हणजे काय ते आधी सांगतो, मग उत्तर आपोआप कळेल. आकडा ५०० किंवा ५५० म्हणजे सळई कायमची ताणली जायला लागते तो ताण, मेगापास्कलमध्ये. पण तुटण्याआधी ती किती लांबते हे वेगळं मोजतात. सळयांच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १७८६) साधी ५०० किमान १२ टक्के, ५००डी १६ टक्के, साधी ५५० फक्त १० टक्के आणि ५५०डी १४.५ टक्के. म्हणजे साधी ५५० ताकदीला थोडी वर आणि लांबण्याला बरीच खाली. डी मध्ये सल्फर आणि फॉस्फरसही कमी ठेवतात: ५००डी ला प्रत्येकी ०.०४० टक्क्यांच्या आत, साध्या ५०० ला ०.०५५. भूकंपाच्या हादऱ्यात सळई न तुटता ताणली गेली पाहिजे, त्या वेळी हीच लांबण कामाला येते. ठेकेदार 'जास्त मजबूत' म्हणतो तेव्हा तो पहिला आकडा बघतो, दुसरा नाही.

पंचवीस_स्लॅब
आम्ही कायम ५५० टाकतो, एकही स्लॅब पडलेला नाही. पुस्तकी लोक उगाच घाबरवतात.

सहाय्यक_अभियंता
रोजच्या भाराला स्लॅब पडत नाही, म्हणून ५५० ची परीक्षा झाली असं होत नाही. शिवाय बीममध्ये गृहीत धरल्यापेक्षा जास्त ताकदीचं लोखंड घातलं, तर जोराच्या हादऱ्यात बीम जिथे आधी वाकायला हवा तिथे वाकत नाही आणि ताण कॉलमवर जातो. डिझायनर ते गणित बीममधल्या सळईच्या ग्रेडवरून करतो. लॅपही ग्रेडबरोबर वाढतो. एम२० (घरासाठी वापरतात त्या एका प्रतीच्या) काँक्रीटमध्ये ५०० साठी सळईच्या व्यासाच्या ५७ पट, ५५० साठी ६२-६३ पट. तुमच्या फिटरला हे कोणी सांगितलं?

हलकं_घर
कोणीच फायबरच्या सळयांचं बोललं नाही. काचतंतूच्या. गंज नाही, वजन पोलादाच्या चौथाईच्या आसपास, ताकद जास्त.

रिंगा_आणि_तार
साईटवर वाकवता येत नाहीत, मग रिंगा (मुख्य सळयांभोवतीच्या वाकवलेल्या कड्या) कुठून आणणार? तुटायच्या आधी इशाराही देत नाहीत.

उंबरठा
सळईवर ५५०डी उठवलंय. पहिल्या मजल्याचा स्लॅब आहे, पुढे दीड मीटर बाल्कनी. ठेकेदार म्हणतोय ५५० असल्यामुळे बाल्कनीत १२ मिमीऐवजी १० ची चालेल, अंतर तेच ठेवू. हे आधी लिहायचं राहिलं, मला वाटलं त्यात विचारण्यासारखं काही नाही.

सहाय्यक_अभियंता
थांबवा. उद्या बांधणी धरू देऊ नका.

१२ मिमी सळईचं क्षेत्रफळ ११३ चौ. मिमी, १० चं ७८.५. म्हणजे लोखंड ३० टक्क्यांहून जास्त कमी झालं. ५०० वरून ५५० ला ताकद वाढते फक्त १० टक्के. दोन्ही मिळून मूळच्या तीन-चतुर्थांश ताकद उरते. आणि दीड मीटर बाहेर आलेल्या बाल्कनीत झुकण्याचा प्रश्न वेगळाच. झुकणं आणि तडे सळईच्या ताठपणावर ठरतात, आणि तो सगळ्या ग्रेडना सारखाच, २०० गिगापास्कल. ४१५ घ्या की ६००, काडीचाही फरक नाही. लोखंड कमी केलंत तर बाल्कनी जास्त झुकणार आणि वरून चिरणार. (@हलकं_घर, काचतंतूचा ताठपणा तर पोलादाच्या चौथाईच्या आसपास. बाल्कनीत तो सुचवूच नका.)

पंचवीस_स्लॅब
बाल्कनीतली सळई बारीक करायचं मीही नाही म्हणेन. ते चूकच आहे.

गुण्या_ओळंबा
@उंबरठा, ठेकेदाराशी वाद घालू नका. डिझायनरला फोन करा, सळईवरचा फोटो आणि पोलाद कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट पाठवा. ५५०डी आलीच आहे तर ती ड्रॉइंगमधल्याच व्यासाने, त्याच अंतराने, वाढवलेल्या लॅपने चालेल का, हे त्याच्याकडून लिहून घ्या.

उंबरठा
फोन केला. स्लॅब आणि बाल्कनीत ५५०डी चालेल, पण व्यास आणि अंतर ड्रॉइंगप्रमाणेच, लॅप नवीन पाठवतो म्हणाले. बीमसाठी मात्र ५००डी च आणायची, बदल नाही. फिटरचं काम एक दिवस पुढे ढकललं. सगळ्यांचे मनापासून आभार.

रिंगा_आणि_तार
अजून एक. बाल्कनीचं मुख्य लोखंड वरच्या बाजूला असतं. काँक्रीट टाकताना माणसं त्यावर चालतात, जाळी खाली दबते आणि मग सळई कितीही चांगली असो, तिचा उपयोग उरत नाही. खाली चेअर (जाळी वर धरणारे सळईचे टेकू) दाट लावून घ्या आणि चालायला वेगळ्या फळ्या टाका. काँक्रीट पडत असताना स्वतः उभ्या राहा.

मातीची_वाट
याच धाग्यावर विचारते. माझ्या सळया पावसात भिजून तांबूस झाल्यात, फेकाव्या लागतील का?

वजनकाटा
तारेच्या ब्रशने घासून बघा. नुसता तांबूस रंग असेल तर चालतात. पापुद्रे निघत असतील किंवा खड्डे दिसत असतील तर एक मीटरचा तुकडा कापून वजन करा आणि वरच्या सूत्राशी ताडून इथे टाका.