अ‍ॅक्सेसमधला नेव्हिगेशन फॉर्म डिलीट झाला आहे, परत मिळेल का?

देवघेव_काउंटर

आमच्या वाचनालयाचं सगळं काम मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमवर, म्हणजे अ‍ॅक्सेसवर चालतं. नोंदींची टेबलं सर्व्हरवरच्या बॅक-एंड फाईलमध्ये आहेत, फॉर्म आणि क्वेऱ्या (नोंदींमधून हवी ती यादी काढणाऱ्या) फ्रंट-एंड फाईलमध्ये. फाईल उघडली की ‘मुख्यपान’ हा नेव्हिगेशन फॉर्म यायचा, वर सभासद, देवघेव, पुस्तकं, वर्गणी, अहवाल असे टॅब. काल चाचणीचे जुने फॉर्म काढून टाकताना सहकाऱ्याकडून नेमका हाच डिलीट झाला, नंतर फाईल बंदही झाली. आता उघडताना ‘मुख्यपान’ सापडत नाही असा संदेश येतो. शिवाय ‘सभासदाकडची पुस्तकं’ ही क्वेरी चालवली की एंटर पॅरामीटर व्हॅल्यूची खिडकी येते. त्या क्वेरीला तर कुणी हातही लावलेला नाही, म्हणून आणखी काय काय गेलं अशी धास्ती वाटते. बॅकअप रोज होतो, पण फक्त बॅक-एंडचा. काउंटरच्या संगणकावर फ्रंट-एंडची एसीसीडीई (फॉर्मची रचना बदलता न येणारी प्रत) आहे, ती अजून नीट चालते. त्यातून फॉर्म काढून घेता येईल का?

एफ_अकरा

डिलीट केल्या केल्या कंट्रोल-झेड दाबलं असतं तर परत आला असता. फाईल बंद झाली की ती सोय संपते. तरी एकदा नेव्हिगेशन पेनवर (डावीकडच्या फॉर्म-क्वेऱ्यांच्या यादीवर) राइट क्लिक करून नेव्हिगेशन ऑप्शन्समध्ये शो हिडन ऑब्जेक्ट्स लावून बघा. कधी कधी फॉर्म नुसता लपवलेला असतो.

जुना_फ्रंटएंड

तुमचा संदेशच सांगतो की तो लपलेला नाही, लपलेला फॉर्म सुरुवातीला उघडतो. पण आधी धास्ती सोडा. नेव्हिगेशन फॉर्ममध्ये एकही नोंद राहत नाही. कोणत्या टॅबवर कोणता फॉर्म दाखवायचा एवढंच त्याला ठाऊक असतं. सभासद, पुस्तकं, वर्गणी हे फॉर्म नेव्हिगेशन पेनमध्ये तसेच असतील आणि डेटा बॅक-एंडमध्ये सुखरूप आहे. काउंटर अजिबात बंद ठेवू नका, एसीसीडीईवर देवघेव चालू द्या.

काही करण्याआधी बिघडलेल्या फ्रंट-एंडची एक प्रत बाजूला काढा. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर इतक्यात चालवू नका. त्याने डिलीट झालेला फॉर्म परत येत नाही, उलट उरलंसुरलं साफ होतं.

एसीसीडीईतून फॉर्म इम्पोर्ट होत नाही, तिथे डिझाइन व्ह्यूही (रचना बदलायचं दृश्य) उघडत नाही. पण ती ज्या एसीसीडीबीवरून (रचना बदलता येणाऱ्या मूळ फाईलवरून) बनवली तिची एखादी प्रत कुठे पडून आहे का, ते नीट शोधा: दुसऱ्या संगणकावर, पेन ड्राइव्हवर, कुणाला ई-मेलने पाठवलेली. फ्रंट-एंड फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रीव्हियस व्हर्जन्सही बघा. जुनी एसीसीडीबी मिळाली तर एक्स्टर्नल डेटामधून तिच्यातला फक्त ‘मुख्यपान’ इम्पोर्ट करा, बाकी कशावरही टिक नको. फॉर्ममागचा व्हीबीए (प्रोग्रॅमिंग भाषेतला) कोडही त्याच्यासोबत येतो, म्हणून हाच सर्वांत चांगला मार्ग.

क्वेरीचं कोडं खरं तर तुमच्या फायद्याचं आहे. ती डिझाइन व्ह्यूमध्ये उघडून क्रायटेरियाची (अटीची) ओळ वाचा. तिथे फॉर्म्स, मग ‘मुख्यपान’, मग सबफॉर्म कंट्रोलचं (टॅबचा फॉर्म ज्या चौकटीत दिसतो तिचं) नाव आणि शेवटी सभासद क्रमांकाचा रकाना असा पत्ता असेल. त्या पत्त्यावर कुणी नाही म्हणून अ‍ॅक्सेस ते मूल्य तुम्हाला विचारतं. क्वेरी बिघडलेली नाही, तिला दुरुस्त करायला जाऊ नका. नवा फॉर्म त्याच पत्त्यावर आणून बसवा.

देवघेव_काउंटर

खूप धीर आला. फॉर्म सगळे जागेवर आहेत. पण जुनी एसीसीडीबी कुठेच मिळाली नाही. म्हणजे नव्यानेच करावा लागणार.

जुना_फ्रंटएंड

मग काउंटरची एसीसीडीई समोर उघडी ठेवा, टॅबचा क्रम आणि नावं तिच्यावरून घ्या. फाईल शिफ्ट दाबून उघडा, म्हणजे सुरुवातीचा संदेश येणार नाही. क्रिएट टॅबवर नेव्हिगेशनमध्ये हॉरिझॉन्टल टॅब्स निवडा आणि पेनमधला एकेक फॉर्म ओढून अ‍ॅड न्यू लिहिलेल्या टॅबवर सोडा. अहवालही असेच सोडता येतात. कोणता टॅब काय उघडतो हे प्रॉपर्टी शीटच्या डेटा टॅबवर नेव्हिगेशन टार्गेट नेममध्ये दिसतं. फॉर्म ‘मुख्यपान’ याच नावाने सेव्ह करा, मग ऑप्शन्स, करंट डेटाबेस, डिस्प्ले फॉर्म इथे तोच निवडलेला आहे ना ते बघा.

देवघेव_काउंटर

टॅब झाले, फाईल थेट मुख्यपानावर उघडते. पण क्वेरी अजून मूल्य विचारते. नाव तर तंतोतंत तेच दिलं आहे.

जुना_फ्रंटएंड

क्वेरी चालवताना सभासदाचा टॅब उघडा होता का? नेव्हिगेशन फॉर्म एका वेळी एकच फॉर्म लोड करतो. दुसऱ्या टॅबवर गेलात की आधीचा मिटतो आणि पत्ता पुन्हा रिकामा होतो. तो उघडा असूनही विचारत असेल तर क्रायटेरियातलं मधलं नाव बघा. अ‍ॅक्सेस त्या कंट्रोलला आपणहून नेव्हिगेशनसबफॉर्म असं नाव देतं, जुना फॉर्म करणाऱ्याने ते बदललेलं असू शकतं.

देवघेव_काउंटर

हेच होतं! क्वेरीत त्या जागी ‘मधलाभाग’ असं लिहिलं आहे. प्रॉपर्टी शीटच्या अदर टॅबवर तेच नाव दिलं आणि यादी लगेच आली. वर्गणीच्या थकबाकीची क्वेरीही अडत होती, तीही सुटली.

जुना_फ्रंटएंड

फार बरं वाटलं. आता नवी एसीसीडीई बनवून काउंटरवर ठेवा आणि एसीसीडीबीची प्रत रोजच्या बॅकअपमध्ये घ्या. शिवाय व्हीबीएच्या इमिजिएट विंडोतून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) सेव्हअ‍ॅजटेक्स्ट वापरून ‘मुख्यपान’ मजकूर फाईल म्हणून ठेवा. अधिकृत मदतीत ही पद्धत दिलेली नाही, पण फॉर्मची मांडणी, टॅब आणि कोड सगळं त्या फाईलमध्ये येतं आणि लोडफ्रॉमटेक्स्टने तो फॉर्म पुन्हा उभा करता येतो. फॉर्म बदलला की फाईलही नव्याने काढा.