गाजलेले रॉक अल्बम आणि आपली उलटी मतं

लोकहो, ज्या अल्बमांना नावं ठेवली की रॉक ऐकणारे अंगावर धावून येतात, त्यांच्याविषयी इथे मोकळेपणाने लिहा. अट एकच. 'ओव्हररेटेड आहे' एवढं बोलून पसार व्हायचं नाही. कुठलं गाणं, कुठली आवृत्ती, नेमकं कुठे आणि कशामुळे बिघडतं ते सांगा, म्हणजे दुसऱ्याला तीच जागा लावून भांडता येईल.

सुरुवात मी करतो. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) ध्वनिमुद्रणाचा नमुना म्हणून निर्विवाद मोठा, पण रचनांच्या बाबतीत तो दाखवतो त्याहून गरीब आहे. 'एनी कलर यू लाइक' मध्ये मूळ 'ब्रीद'चाच दोन कॉर्डांचा झोका आहे, फक्त एक पूर्ण स्वर खाली: तिथे ई मायनर ते ए, इथे डी मायनर ते जी. मधे 'ब्रीद'चा पुनरुच्चार वेगळा होऊन गेलेलाच असतो. 'ऑन द रन' म्हणजे सिंथी एकेएस या सिंथेसायझरमध्ये आठ स्वर भरायचे, वेग वाढवायचा आणि फिल्टर फिरवत राहायचं. १९७३ साली ते नवल होतं, कबूल. 'मनी' सात मात्रांत आहे म्हणून कौतुक होतं; सॅक्सोफोन त्या सातांत वाजतो, पण गिटारचा सोलो आला की गाणं गुपचूप चारावर उतरतं. सोलो झकास आहे, पण सातांचा डौल तिथे सुटतो. 'अ‍ॅनिमल्स' (१९७७) मध्ये अशी भरती कमी आणि मांडणी घट्ट आहे.

मंद्रसप्तक

मेटॅलिकाच्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) मध्ये बेस गिटार ऐकू येत नाही, ही तक्रार आता इतकी घासून झाली आहे की तिच्यामागे अल्बमचा खरा दोष लपतो.

आधी बेस का हरवला ते पाहू. बेसवादक जेसन न्यूस्टेडच्या ओळी बऱ्याच ठिकाणी गायक-गिटारवादक हेटफिल्डच्या ऱ्हिदम गिटारच्या हुबेहूब खाली चालतात. गिटारची जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर, बेसची ४१ वर. इथल्या गिटारमध्ये मधल्या कंप्रता कापून खालचा आणि वरचा भाग फुगवला आहे, त्यामुळे तळहाताने दाबून वाजवलेले ठोके बेसच्याच जागेत येऊन बसतात. त्यावर मिक्समध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांचा मेळ घालताना, बेसची पातळीच खाली ओढली. म्हणून घरी इक्वलायझरवर ६० ते १०० हर्ट्झ वाढवून काही हाती लागत नाही: बेस ड्रम आणि गिटारची धडधड तेवढी वाढते. २०१८ च्या रीमास्टरनेही हे बदललं नाही. रीमास्टर तयार दोन चॅनेलांवर होतो, त्यात एकच वाद्य वर काढायची सोय नसते.

आता उलटं मत. बेस वर आणला तरी अल्बम सुधारत नाही, कारण तो गिटारचीच ओळ वाजवतोय. आवाज जाड होईल, नवं काही ऐकू येणार नाही. चाहत्यांनी बेस वाढवून केलेली मिश्रणं ऐका आणि ठरवा. खरा दोष लांबीचा. नऊ गाणी, पासष्ट मिनिटं. शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचं, त्यात तेच रिफ (गिटारचे छोटे तुकडे) पुन्हा पुन्हा येतात आणि दर फेरीला काही वाढत नाही. 'वन' टिकतं, कारण त्यात पायरी पायरीने वजन चढतं आणि डबल बेस ड्रमची ती फैर शेवटासाठी राखून ठेवली आहे. 'ब्लॅकन्ड'ही टिकतं. त्याच्या श्रेयात न्यूस्टेडचं नाव आहे, हा एक विनोदच.

एका कानाने

बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' (१९६७) विषयी. माझं भांडण गाण्यांशी नाही, बहुतेक लोक जी आवृत्ती ऐकून आरती करतात तिच्याशी आहे. बीटल्सनी वेळ घालवला तो मोनो (एकाच चॅनेलच्या) मिक्सवर. स्टिरिओ नंतर थोड्या दिवसांत उरकला गेला, तेही ते चौघे नसताना. फरक बारीक नाही. 'शीज लीव्हिंग होम' मोनोमध्ये एफमध्ये आहे, स्टिरिओत जवळजवळ अर्धा स्वर खाली आणि संथ, त्यामुळे ते रडकं होतं. 'लूसी इन द स्काय'वरचा तो घुमणारा फेजिंगचा परिणाम मोनोत ठळक आहे.

तपासायचं तर जुन्या स्टिरिओचा एकच इअरफोन कानात घाला, मग दुसरा. चार ट्रॅकची फीत असल्याने एका ट्रॅकवर कोंबलेली वाद्यं गठ्ठ्याने एका बाजूला जाऊन पडतात. आणि स्टिरिओ फाइलचे दोन चॅनेल एकत्र केले म्हणजे मोनो आवृत्ती मिळते असं समजू नका. वेग आणि फेजिंग मूळ मिक्समध्येच वेगळे आहेत. २०१७ चा जाइल्स मार्टिनचा रीमिक्स स्टिरिओ असूनही मोनोला धरून आहे. हेडफोनवाल्यांनी तोच घ्यावा.

बी साइड

@एका कानाने, मोनोबद्दल सहमत. पण याच अल्बममधलं 'विदिन यू विदाउट यू' लोक न ऐकता पुढे ढकलतात, त्यावर बोलायला हवं. आपल्याकडच्या कानांनी तरी असं करू नये. जॅझ-रॉकवाले विषम मात्रांसाठी टाळ्या घेतात आणि इथे मधला वाद्यखंड दहा मात्रांत, झपतालाच्या वजनाने चालतो, तर कोणाला पत्ता नाही. स्वर खमाज थाटाच्या जवळचे, कोमल निषाद स्पष्ट. दिलरुबा बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनच्या गाण्याला ओळ न ओळ चिकटून जाते, जशी गायकाच्या मागे सारंगी. मग निर्माता जॉर्ज मार्टिनने आठ व्हायोलिनं आणि तीन चेलो आणले आणि त्यांच्याकडूनही मींड वाजवून घेतली. पाश्चात्त्य वादकांसाठी सगळ्या अल्बममधली अवघड कामगिरी ही असावी. लंडनमधल्या ज्या भारतीय वादकांनी हे वाजवलं त्यांची नावं मूळ वेष्टनावर नव्हती.

हॅरिसनच्याच 'द इनर लाइट'चा वाद्यमेळ जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला गेलं. माझ्या मते पुढची बाजू तीच असायला हवी होती.

जिन्याखाली

लेड झेपेलिनचा चौथा अल्बम (१९७१). त्यातल्या गाजलेल्या 'स्टेअरवे टू हेवन'वर मी बोलत नाही, भांडायला वेळ नाही. अल्बमचं शिखर 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' आहे. हेडली ग्रेंज या इंग्लंडमधल्या जुन्या घराच्या जिन्याच्या तळाशी ड्रम ठेवले, वर दोन बायर एम१६० माइक टांगले, बिन्सन एकोरेक हे प्रतिध्वनीचं यंत्र जोडलं. बेस ड्रमला वेगळा माइकच नाही. आजकाल आठ-दहा माइक लावून, वर संगणकातला रिव्हर्ब (घुमारा) ओतून हाच आवाज शोधतात. मिळत नाही, कारण तो त्या जागेचा आहे.

आणि 'फोर स्टिक्स' हे अल्बममधलं सर्वांत अडखळणारं गाणं. पाच आणि सहांच्या उड्या ऐकताना वादकांचे कष्ट ऐकू येतात. बँडचे गिटारवादक पेज आणि गायक प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईतल्या वादकांबरोबर ते पुन्हा केलं. त्यांच्याच 'कोडा' अल्बमच्या २०१५ च्या वाढीव आवृत्तीत 'फोर हँड्स' नावाने ते आहे. गायन नाही, नुसता तबला, तंतुवाद्यं आणि गिटार. मूळ बाजूला ठेवून हे ऐका.

मंद्रसप्तक

'फोर हँड्स'ला +१. मुंबईच्या त्याच फेरीतलं 'फ्रेंड्स' त्याहून सरस आहे.

फीतवाला

डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' (१९८५) ज्याच्या त्याच्या तोंडी सीडीचा अल्बम म्हणून असतो. मी म्हणतो मूळ १९८५ ची एलपी घ्या. पहिल्या बाजूची गाणी एलपीवर कापलेली आहेत: 'व्हाय वरी' सीडीवर साडेआठ मिनिटं, एलपीवर साडेपाचाच्या आत. 'सो फार अवे' पाचावरून चारावर. एका बाजूवर पंचवीस मिनिटांच्या पुढे गेलं की खोबणी दाटीने कोराव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते, म्हणून कात्री लावली. कात्रीने भलं झालं. सीडीवरचं 'व्हाय वरी' चाल संपल्यावरही जाईना म्हणतं.

एलपी ऐकताना एक ध्यानात ठेवा. सुई आत सरकते तसा खोबणीचा वेग सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटरवरून २१ च्या आसपास येतो, त्यामुळे बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि झांजा फाटतात. त्यावरून ध्वनिमुद्रणाला दोष देऊ नका. आधी सुई आणि तिचा कोन तपासा.

क्लिपिंग

आवृत्त्यांची तुलना करणाऱ्या सगळ्यांना: आधी आवाज सारखा करा. एखादा डेसिबल जास्त असला तरी कानाला तीच आवृत्ती 'जिवंत' वाटते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही फाइलींना लाउडनेस नॉर्मलायझेशन लावून उणे १८ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) आणा, मग ऐका. ब्लूटूथच्या डबड्यावर ही परीक्षा घेऊ नका.

या पद्धतीने स्टूजेसचा 'रॉ पॉवर' (१९७३) लावून बघा. डेव्हिड बोवीचा मिक्स पातळ म्हणून बदनाम, आणि स्टूजेसचा गायक इगी पॉपने १९९७ मध्ये स्वतः केलेला मिक्स अस्सल मानला जातो. पातळी सारखी केली की १९९७ ची मर्दुमकी ओसरते. पडद्यावर ध्वनिलाटांची डोकी सपाट कापलेली दिसतात, ड्रमचा ठोका गिटारच्या भिंतीत बुजतो. बोवीच्या मिक्समध्ये ड्रम कमी आहेत हे खरं, पण आवाज आणि लीड गिटार अंगावर येतात, आणि या गाण्यांना तेच हवं. विकत घेणाऱ्यांनी २०१० ची लेगसी आवृत्ती शोधा, तिच्यात बोवीचा मिक्स आहे.