कॉफी आणि छातीतली धडधड: तुमचा अनुभव काय?

आपल्याकडे खेड्यात राज्य चहाचंच. कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठी, बारावीच्या पोरांसाठी, फार तर थंडीत जायफळ घालून. आता पाऊचमुळे ती घरोघरी पोचली आणि मागोमाग 'हार्टले खराब असते' हेही पोचलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन ठीक मानलंय, गरोदरपणात २००. आपल्या पाऊचमध्ये चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड) मिसळलेली असेल तर कपात कॅफीन आणखी कमी, कारण चिकोरीत ते नसतंच. मग धडधड होते कशानं? ऐकीव नको, स्वतःचं किंवा घरातलं लिहा.

दारव्ह्याकडचा शेतकरी
हरभऱ्याले वलीत रातच्यालेच करा लागते, कारण लाईन तवाच येते. थर्मासभर कॉफी अन् खिशात सुपारी-तंबाखूचा खर्रा. बांधावर बसलो का छाती अशी उडे का बस. इसीजी काढला, नॉर्मल. डाक्टरनं पहिले इचारलं, "खर्रा किती खाता?" कॉफीचं नावच नाई काढलं. खर्रा सोडला, धडधड गेली. थर्मास अजून हाये.

धागाकर्ता
भाऊ, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. तंबाखूतलं निकोटीन नाडी आणि बीपी दोन्ही चढवतं. वरून जागरण. पण घरचे खर्ऱ्याला सोडून कपाला धरतात, कारण खर्रा बाबाही खातात!

अचलपूरचे निवृत्त मास्तर
मला एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे ठोक्यांची लयच बिघडते. शॉक देऊन लय जागेवर आणली आणि घरच्यांनी कॉफी कुलपात ठेवली. २०२५ च्या शेवटी अशाच २०० रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. रोज किमान एक कप पिणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना सहा महिन्यांत त्रास पुन्हा सुरू झाला, कॉफी बंद केलेल्यांपैकी ६४ टक्क्यांना. कात्रण डॉक्टरांपुढे ठेवलं. ते हसले, सकाळचा एक कप मंजूर केला. मात्र ही माणसं आधीपासून कॉफी पिणारी होती. माझं वाचून कोणी औषध म्हणून सुरू करू नका.

वरूडची संत्रेवाली
मला नाही झेपत. संध्याकाळी सहाला घेतली की रात्री दोनला छताकडे पाहत पडते. यजमान दोन कप पिऊन घोरतात.

धागाकर्ता
ताई, पोटात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, कोणाला त्याहून बरेच जास्त. २०२३ मध्ये अमेरिकेत १०० निरोगी लोकांच्या छातीला यंत्र लावून पाहिलं होतं. कॉफीच्या दिवशी हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले जादा ठोके फारसे वाढले नाहीत, खालच्या कप्प्यांतले सुमारे दीडपट झाले आणि झोप सरासरी ३६ मिनिटांनी कमी झाली. माझ्या मते आपला खरा घाटा झोपेतच आहे.

चिखलदऱ्याहून
आमच्याकडे कॉफी पिकते, इंग्रजांच्या काळापासून. घरी भाजतो, कुटतो, पातेल्यात उकळतो. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं तेव्हा कळलं की उकळलेल्या कॉफीतलं कॅफेस्टॉल वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि कागदी गाळणीत ते अडकतं. अमरावतीहून कागद आणवले. चव थोडी पातळ झाली, चालतं.

उपकेंद्रातली सिस्टर
दोन गोष्टी. लोक स्टँडवर कॉफी पिऊन, तोंडात तंबाखू धरून थेट बीपी मोजायला येतात. अर्धा तास थांबा, मग हात पुढे करा. नाहीतर आकडा उगाच चढलेला दिसतो आणि घरी रडारड.

दुसरं, बायांचं. "सिस्टर, कॉफीनं धडधडते" म्हणत येतात, हिमोग्लोबिन तपासलं की सात. रक्तच कमी, तर हृदय धावणारच! आणि कॉफी असो की चहा, जेवणासोबत घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्यासोबत घ्या. कप त्यानंतर तासाभराने. धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर आली तर मात्र धागे वाचत बसू नका, १०८ ला फोन करा.